‘छेल्ली तारीख’ फक्त विद्यार्थ्यालाच का?

दरवर्षी आपल्या मंडळाचा गुणगौरव समारंभ होतो. दहावी-बारावीत चमकलेली मुले ओळीने व्यासपीठावर येतात, प्रशस्तिपत्रक, पुष्पगुच्छ आणि पाचशे-हजाराचे पाकीट घेतात, प्रमुख पाहुणे ‘सयाजीनगरीचे नाव उज्ज्वल करा’ म्हणतात आणि अल्पोपाहार होऊन मंडळी घरी जातात. या समारंभाला माझा विरोध नाही. पण त्या ओळीतल्या किती मुलांनी सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, किती जणांचा मंजूर झाला आणि किती जणांच्या खात्यात खरोखर पैसे जमा झाले, हे त्या व्यासपीठावरून कोणी विचारलेले मी ऐकलेले नाही. पाकिटातल्या हजार रुपयांच्या पन्नास पट मोठा हा प्रश्न आहे. शिवाय तो राजकीय आहे, म्हणून या पानावर मांडतो.

मी बँकेत कारकून आहे, त्यामुळे आधी आकडे. गुजरात सरकारची ‘मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना’ २०१५ साली पाटीदार आंदोलनाच्या धगीत सुरू झाली. सगळे तिला ‘एमवायएसवाय’ म्हणूनच ओळखतात. बारावीला ८० पर्सेंटाइल किंवा त्याहून जास्त आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत, या तिच्या दोन मुख्य अटी. जातीची अट नाही. योजना सुरू झाली तेव्हाच्या ठरावाप्रमाणे शिक्षण फीची निम्मी रक्कम मिळते. त्याला कमाल मर्यादा आहे: इंजिनिअरिंग किंवा फार्मसीला वर्षाला ५० हजार, वैद्यकीयला २ लाख, बी.कॉम., बी.ए., बी.एस्सी.ला १० हजार. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांचा हिशेब मांडा: २ लाख रुपये. केंद्र सरकारची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती वेगळी. ती पदवीच्या तीन वर्षांसाठी दरवर्षी १२ हजार देते, देशभरात दरवर्षी ८२ हजार नवे विद्यार्थी तिच्यात घेतले जातात, त्यातल्या निम्म्या जागा मुलींच्या. तिथे उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख आहे आणि दुसरी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ती मिळत नाही, त्यामुळे आधी बसून कोणती फायद्याची हे ठरवावे लागते.

इथे एक गोष्ट ठळक सांगतो, कारण ती न कळल्यामुळे घरेच्या घरे अर्जच करत नाहीत. ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के नव्हे. पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरातल्या किती मुलांच्या पुढे तुम्ही आहात तो आकडा. टक्के त्याहून बरेच कमी असू शकतात. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर तो आकडा छापलेला असतो. तो न वाचताच ‘आमच्या बाळ्याला सदुसष्टच टक्के आहेत हो’ म्हणून विषय संपवणारे पालक दांडिया बाजारात काय आणि वाडीत काय, सारखेच.

दुसरे कारण जरा नाजूक आहे. आपली बडोद्याची जुनी घराणी. कोणाचे पणजोबा खानगी खात्यात, कोणाचे फौजेत, कोणाचे शिक्षण खात्यात. भिंतीवर पगडी घातलेला फोटो आहे, पण फोटोखाली राहणारा नातू मकरपुऱ्याला ठेकेदाराकडे बारा-चौदा हजारांवर आहे. घरचे उत्पन्न ६ लाख सोडाच, तीन लाखही होत नाही. तरी ‘आवकनो दाखलो’ काढायला रांगेत उभे राहायचे म्हणजे कमीपणा वाटतो. ‘शिष्यवृत्ती आपल्यासाठी नसते’ हे वाक्य घरात इतक्या वेळा बोलले गेले आहे की मुलांना ते पाठ आहे. एकेकाळी ते बऱ्याच अंशी खरे होते, आज नाही. २०१५ ची योजना जात विचारत नाही. २०१९ मध्ये आर्थिक दुर्बल वर्गासाठी १० टक्के आरक्षण आले आणि गुजरातने ते सगळ्या राज्यांच्या आधी लागू केले. त्याच महिन्यात राज्याने एक अट घातली: कुटुंब १९७८ पूर्वीपासून गुजरातेत राहणारे असावे. आता ही अट आपल्याइतकी सहज कोण पुरी करणार? आपण पिलाजीराव गायकवाडांच्या काळापासूनचे. पण घराणे जुने असले म्हणून घरात कागद असतोच असे नाही. आजोबा शिकले ती मराठी शाळा केव्हाच बंद पडली, वाडा विकला तेव्हा जुने दस्त रद्दीत गेले, आणि मग अडीचशे वर्षे इथे राहिलेल्या घराला पन्नास वर्षांचा पुरावा जमवताना घाम फुटतो. तो जमेपर्यंत अर्जाची तारीख टळून गेलेली असते.

तारीख चुकते ती शेवटच्या दिवशी नाही, हेच मला सांगायचे आहे. ती कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे आधी चुकलेली असते. पोर्टलवर लाल अक्षरांत दिसते तेव्हा फक्त आपल्याला कळते.

नावांचेच बघा. गुजरातेत शाळेच्या रजिस्टरात आडनाव आधी, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे. आपण घरी नाव आधी लिहितो. वडील घरच्या लेखी विजयराव, शाळेत विजयभाई, आधारवर नुसते विजय. आई सुनंदा, कुठे सुनंदाबेन, कुठे लग्नाआधीच्या नावाने. आडनावांची तर मजाच आहे. चव्हाणांचे चौहाण झालेले मी रोज पाहतो, जाधवांचे जादव, शिंद्यांचे सिंदे. इंग्रजीत तेच आडनाव दहावीच्या गुणपत्रिकेवर एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने, पासबुकावर तिसऱ्या तऱ्हेने, एखादा ए किंवा एच इकडचा तिकडे. माणसाला हे सगळे एकच वाटते. संगणकाला ती तीन वेगळी माणसे वाटतात. गुजराती कुटुंबांनाही हा त्रास आहे, पण आपल्या घरी तो दुप्पट, कारण आपली नावे मराठीतून गुजरातीत आणि गुजरातीतून इंग्रजीत अशी दोनदा उतरलेली असतात आणि उतरवणाऱ्याला मराठी येत नसते.

त्यात आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच. त्यामुळे घाईने सायबर कॅफेत जाऊन ‘करून टाका’ म्हणणे महागात पडते. आधी एक कागद प्रमाण धरावा. माझ्या मते तो दहावीची गुणपत्रिका, कारण पुढचे सगळे प्रवेश तिच्यावर चालतात. तिच्यात चूक असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरपासून सुरुवात करावी लागते आणि ते काम दहावीचा अर्ज भरण्याआधी झालेले बरे. म्हणजे बारावीनंतरच्या शिष्यवृत्तीची खरी शेवटची तारीख मूल नववीत असतानाच येऊन जाते. मूल पंधरा वर्षांचे झाले की आधारसाठी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने द्यावी लागते, हेही त्याच वेळी उरकावे. केंद्राच्या पोर्टलवर आता चेहरा जुळवून नोंदणी होते. पाचव्या वर्षाचा फोटो अठराव्या वर्षाच्या चेहऱ्याशी जुळला नाही तर दोष कॅमेऱ्याचा नसतो.

आता माझ्या टेबलावरचे. शिष्यवृत्ती मंजूर झाली, पोर्टलवर तसे दिसते, पण खात्यात काही नाही, अशी तक्रार घेऊन दिवाळीनंतर आई-वडील येतात. दहापैकी बहुतेक वेळा कारण तीन-चारांतलेच एक निघते. खाते मुलगा अज्ञान असताना उघडलेले, मुलगा अठरा पूर्ण झाला, पण सज्ञान म्हणून नवी सही आणि नवे कागद कोणी दिले नाहीत, त्यामुळे व्यवहार थांबलेला. नेमके बारावीच्या आगे-मागेच अठरावे वर्ष लागते, हा या गोष्टीतला वाईट योगायोग. किंवा शाळेत असताना शून्य शिलकीचे खाते उघडले, दोन वर्षे त्यात कोणी हात घातला नाही आणि ते निष्क्रिय झाले. अशा खात्यातून नुसते शंभर रुपये भरून-काढून ठेवले असते तरी ते जिवंत राहिले असते.

सर्वात फसवे कारण आधारचे. ‘साहेब, आधार तर लिंक आहे,’ असे प्रत्येकजण सांगतो. आधार खात्याला जोडणे ही एक गोष्ट आणि सरकारी पैसे याच खात्यात यावेत म्हणून राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदीत ते चढवणे ही दुसरी. दुसरीसाठी वेगळा संमतीचा अर्ज द्यावा लागतो. त्या नोंदीत एका आधारला एकाच वेळी एकच बँक असते. शेवटी जिथे संमती दिली तिथे पैसे जातात, मग अर्जात खाते क्रमांक कोणताही लिहिलेला असो. मुलाने मोबाईलच्या दुकानात सिमकार्ड घेताना अंगठा लावला, तिथे एक खाते उघडले गेले, त्याला पत्ताही नाही, आणि शिष्यवृत्ती तिकडे जाऊन बसली, असेही पाहिले आहे. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघायला दोन मिनिटे लागतात. अर्ज भरायच्या आधी बघावे. मंजुरीनंतर बघून उपयोग थोडाच.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग दोष आपलाच झाला की! कागद नीट ठेवा, तारखा पाळा, सरकार फुकट देते आहे तर एवढी शिस्त नको? शिस्त हवीच. मी वाणिज्य शाखेचा माणूस, तारखेवर माझी श्रद्धा आहे. तीन महिने उलटलेला चेक मी कितीही ओळखीच्या माणसाचा असला तरी घेत नाही. पण बँकेत तारखेचे बंधन दोन्ही बाजूंना असते. गिऱ्हाईकाचा एनईएफटी आमच्याकडून वेळेत जमा झाला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने रेपो दरावर २ टक्के जास्त व्याज बँकेला मोजावे लागते. आयकर खाते परतावा उशिरा देते तेव्हा दरमहा अर्धा टक्का व्याज देते. शिष्यवृत्तीच्या बाबतीत मात्र तारीख फक्त एकाच पक्षाला आहे, आणि तो पक्ष अठरा वर्षांचा आहे.

क्रम पाहा. फी भरायची तारीख जून-जुलैची, तिला सवलत नाही, उशीर झाला तर दंड किंवा प्रवेश रद्द. मदतीचा अर्ज त्यानंतर, बहुधा पावसाळा सरता सरता. मग पडताळणी, मग मंजुरी, मग पैसे केव्हा येतील त्याची तारीख कुठेच लिहिलेली नाही. कधी वर्ष संपता संपता येतात. मदत ज्या फीसाठी आहे ती फी तोवर भरून झालेली असते. कशाने भरली, हे जूनमध्ये सोनेतारणाच्या खिडकीशी उभे राहिले की कळते. पाटल्या येतात, गोफ येतो, नातवाच्या प्रवेशासाठी आजीची वजनदार मोहनमाळ येते. मंगळसूत्र तेवढे राहते. हे सोने सोडवताना भरलेले व्याज कोणत्याही सरकारी अहवालात शिष्यवृत्तीच्या खर्चात धरलेले नसते. ज्या घरी सोने नाही ते इंजिनिअरिंग सोडून बी.कॉम.ला जातात. माझा बी.कॉम.वर राग नाही, पण ती निवड असावी, नाइलाज असू नये.

मग कॉलेजची पायरी. केंद्राच्या पोर्टलवर विद्यार्थ्याने अर्ज भरला की तो आधी संस्थेने तपासून पुढे पाठवायचा असतो. त्यालाही तारीख आहे. संस्थेने ती चुकवली तर अर्ज तिथेच मरतो. शिक्षा कोणाला? विद्यार्थ्याला. शहरातल्या एका कॉलेजात हे काम एकाच कारकुनाकडे होते, ते आजारपणाच्या रजेवर गेले, आणि कित्येक मुलांचे अर्ज कोणी उघडूनही पाहिले नाहीत. कॉलेजला कोणी जाब विचारला नाही. एमवायएसवायमध्ये ऑनलाइन अर्ज भरला की काम झाले असे समजून मुले घरी बसतात. पण मूळ कागद घेऊन मदत केंद्रावर पडताळणी करून यावे लागते. ती राहिली तर अर्ज अपुरा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण, त्यासाठी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. दोन्ही आहे, पण विद्यापीठाचा निकालच लांबला आणि गुणपत्रिका हातात नाही, तर मुलाने काय जोडायचे? २०२४ पासून राज्यातल्या सरकारी विद्यापीठांचे प्रवेश ‘जीकॅस’ या एकाच पोर्टलवर आले. त्या वर्षी बडोद्यात प्रवेशासाठी किती आंदोलने झाली ते आपण पाहिले. प्रवेशाची फेरी लांबते तेव्हा शिष्यवृत्तीचा दिवस तेवढाच पुढे सरकेल याची खात्री कोणी देत नाही.

मुदतवाढ होते, हे मला माहीत आहे. जवळजवळ दरवर्षी होते. पण मला ती मदत वाटत नाही. आज वाढेल, उद्या वाढेल अशा आशेने लोक थांबतात, शेवटच्या दोन दिवसांत पोर्टल बसते, आणि ज्या वर्षी वाढत नाही त्या वर्षी सरळ मार्गाने चालणारा मारला जातो. मुदतवाढ हे मंत्र्यांच्या हातातले दान होऊन बसते, वर्तमानपत्रात फोटोसह छापायला. नागरिकाला दान नको, नियम हवा.

आपल्या शहराचाच दाखला घेऊ. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली डॉ. आंबेडकरांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली, हे आपल्या प्रत्येक भाषणात येते. पुढचे फारसे येत नाही. ती शिष्यवृत्ती मुदतीची होती. मुदत संपली तेव्हा त्यांचा लंडनमधला अभ्यास अर्धा होता आणि १९१७ मध्ये तो टाकून त्यांना करारानुसार बडोद्याच्या नोकरीत यावे लागले. (त्या वेळी या शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही, ती आपली वेगळी आणि मोठी शरम.) पण लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी देऊन ठेवली होती. १९२० मध्ये ते परत गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. एकाच विद्यार्थ्याच्या दोन मुदती. एक संपली म्हणजे संपली, दुसरीला परत यायचे दार ठेवलेले होते. आज जे पोर्टल आपण बांधले आहे त्यात हे दुसरे दारच नाही. बारा वाजले की बटण निघून जाते, आणि ‘माझे काय चुकले’ हे विचारायला समोर माणूस नसतो.

म्हणून मागण्या करायच्या तर नेमक्या कराव्यात. शिष्यवृत्तीची मुदत वर्षातल्या ठरावीक दिवशी संपू नये. ती विद्यार्थ्याचा प्रवेश पक्का झाल्यापासून, आणि नूतनीकरणात निकाल हाती पडल्यापासून, ठरावीक दिवसांनी संपावी. कॉलेजने किंवा केंद्राने वेळेत पडताळणी केली नाही तर अर्ज मान्य झाला असे धरावे आणि चौकशी त्या संस्थेची व्हावी. अर्जात खोट निघाली तर कारण लेखी कळवावे आणि दुरुस्तीला निदान पंधरा दिवस द्यावेत, मग मूळ तारीख टळली असली तरी. मंजूर रकमेला पोचण्याची तारीख असावी आणि ती टळली तर व्याज. हे अशक्य नाही. गुजरातेत नागरिकांच्या सेवा-अधिकाराचा कायदा २०१३ पासून आहे. किती दिवसांत सेवा द्यायची हे ठरवून देणे हेच त्याचे तत्त्व. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या कागदाला दिवस मोजायची पद्धत सरकारला मान्य असेल, तर त्याच दाखल्यावर मिळणाऱ्या पैशालाही दिवस मोजता येतील.

या मागण्या मांडायच्या कोणापुढे? आपल्या गणपतीत आरतीला सगळ्या पक्षांचे उमेदवार येतात, निवडणूक जवळ आली की दहाही दिवस येतात. आपण त्यांना शाल-श्रीफळ देतो आणि ते मंडपासाठी देणगी देतात. मराठी मते या शहरातल्या काही मतदारसंघांत किती मोलाची आहेत ते त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते. आपण त्यांच्याकडे आजवर काय मागितले? हॉलवर पत्रे, पेव्हर ब्लॉक, एखाद्या चौकाला नाव. चौकाच्या नावाला माझी हरकत नाही. पण आरतीनंतर प्रसाद घेताना एकदा तरी विचारावे, ‘दादा, गेल्या वर्षी आपल्या मतदारसंघातल्या किती मुलांचे एमवायएसवायचे अर्ज पडताळणीत अडकले?’ उत्तर नसेल तर पुढच्या आरतीला आणा म्हणावे. आणि हा प्रश्न फक्त मराठी मुलांसाठी विचारू नये. शेजारच्या पोळीतल्या गुजराती मुलाचे पैसे त्याच पोर्टलवर अडकलेले असतात. मागणी सगळ्यांसाठी केली तर तिला जोर येतो, आणि आपल्यावर ‘बाहेरचे’ हा शिक्का मारणाऱ्यांची तोंडेही आपोआप बंद होतात.

सरकार बदलेल तेव्हा बदलेल. तोवर मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवतो. गुणगौरव समारंभावर जेवढा खर्च होतो त्याच्या चौथाईत मे महिन्यात, बारावीच्या निकालानंतरच्या पहिल्या रविवारी, हॉलमध्ये शिबिर होऊ शकते. हार-तुरे नकोत, पाहुणे नकोत. चार टेबले पुरेत. पहिल्यावर नावे आणि स्पेलिंग जुळवणे: दहावीची गुणपत्रिका, आधार, पासबुक शेजारी शेजारी ठेवून. दुसऱ्यावर उत्पन्नाचा दाखला आणि १९७८ पूर्वीचा पुरावा. आपल्यात मामलतदार कचेरीतून निवृत्त झालेली मंडळी आहेत, त्यांना हे काम डोळे मिटून येते आणि घरी बसून ती कंटाळलेलीही आहेत. तिसऱ्यावर दोन संगणक आणि आपलीच कॉलेजात शिकणारी मुले, ज्यांनी स्वतः अर्ज भरले आहेत. चौथे बँकेचे, तिथे मी आणि माझे दोन सहकारी बसू. नववी-दहावीच्या मुलांचे पालकही यावेत, खरे तर त्यांनीच आधी यावे. पुन्हा सप्टेंबरात एकदा बसून मे महिन्यात आलेल्या प्रत्येक मुलाला फोन करायचा: अर्ज कुठपर्यंत आला, केंद्रावर जाऊन आलास का. यादी वहीत ठेवायची आणि पुढच्या समारंभात त्या वहीतले आकडे वाचून दाखवायचे.

दुसऱ्या टेबलासाठी एक अडचण आताच दिसते आहे. काही घरांत जे जुने कागद उरले आहेत ते मोडीत आहेत आणि आता घरात ते कोणाला वाचता येत नाहीत. सभासदांपैकी ज्यांना मोडी वाचता येते त्यांनी आपले नाव आणि सोयीची वेळ मंडळाच्या कार्यालयात चैत्र संपायच्या आत कळवावी.